गुंतवळ

"भावजी, मला असा शांपू द्या, की मार्गशीर्षाच्या पौर्णिमेपर्यंत डोक्यावरचा एक केस हलता कामा नये," शालनवहिनी म्हणाल्या. "त्यानंतर एकही राहिला नाही तरी माझी तक्रार नाही."

भर दुपार होती. बार्शीच्या बाजारपेठेत माझं शृंगार भांडार होतं, तेव्हाची गोष्ट. टिकल्या, बांगड्या, रिबिनी, तेलं, पावडरी. केस काळे करणारा शांपू मागायला लोक यायचे, लांब करणारा मागायला यायचे, सासूला न कळता लावता येईल असाही एकीनं मागितला होता. पण दुधाच्या पिशवीसारखी तारीख सांगून केस टिकवायला आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच.

"पौर्णिमेनंतर काय, भाड्यानं द्यायचेत का?" मी विचारलं.

वहिनी हसल्या नाहीत, तिथंच मी ताठ झालो. एरवी ही बाई माझ्या थापांना एवढी हसायची की पदर तोंडात कोंबावा लागायचा. दिगंबर गिरणीवाल्याची बायको. दिगंबर माझा तालमीपासूनचा दोस्त. वहिनींचे केस म्हणजे सगळ्या पेठेचा अभिमान. आमच्या आळीतल्या आडाचा दोर तुटला तेव्हा वहिनींनी वेणी सोडून पोहरा वर काढला, असं मी परगावच्या पाहुण्यांना सांगायचो आणि निम्मे तरी खरं मानायचे.

वहिनींनी एकदा रस्त्याकडं बघितलं, फळीच्या आडोशाला आल्या आणि डोक्यावरचा पदर मागं सारला.

भांग दोऱ्यासारखा असायचा, तो बोटभर रुंद झाला होता. कानशिलांपाशी कातडी दिसत होती. त्यांनी नुसती दोन बोटं केसांतून फिरवली आणि बोटांना वेटोळं घालून केस बाहेर आले.

"हे असं आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी उशीवर, दुपारी मोरीत, रात्री ताटात. फणी हातात घ्यायची भीती वाटते."

"आजारपणानं होतं असं."

"आजारी मी नव्हते. ते होते."

ते सगळ्या गावाला माहीत होतं. भाद्रपदात दिगंबरचं अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं. सोलापूरला नेलं, पोट उघडलं, आणि मोठे डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला म्हणाले होते, आता देवाचं नाव घ्या. मी आपला चहा आणायला गेलो. वहिनींनी मात्र खरंच घेतलं होतं.

"कुणाचं घेतलं नाव?" मी विचारलं.

"बालाजीचं. ह्यांच्या पायाशी बसून बोलले, की ह्यांना उठव, माझे सगळे केस तिरुपतीला तुझ्या दारात ठेवते. आणि ते उठले हो. पौर्णिमेची यात्रेची गाडी आहे. दोघांची नावं घातलीत. तोवर केस राहायला नकोत? रिकामं डोकं घेऊन गेले तर देव काय म्हणेल? आणि भावजी, पंधरवडा झाला, तिन्हीसांजेला ह्यांना ताप येतोय."

आता मला कळलं, बाई शांपू घ्यायला आलेलीच नव्हती. नवऱ्याचा जीव राखायला आली होती.

"दिगूला सांगितलंय?"

"नाही! आणि तुम्हीही सांगायचं नाही, माझ्या गळ्याची शपथ. ज्याच्यासाठी नवस बोललो त्याच्या कानावर तो आधी गेला तर बाटतो, असं आई सांगायची. आणि कळलं तर पाठवतील का ते? त्यांची आत्या रंडकी झाली तेव्हा तिचं डोकं बोडकं केलेलं लहानपणी बघितलंय त्यांनी. त्या दिवसापासून आत्याच्या हातचं जेवले नव्हते, एवढी धास्ती घेतली होती. आता सवाष्ण बायकोचं डोकं करायचं म्हटल्यावर?"

माझ्या फळीवर केस गळायचा थांबवणारे तीन शांपू होते. एकावर अंड्याचं चित्र, एकावर शिकेकाईचं आणि तिसऱ्यावर धबधब्याखाली हसणारी बाई. तिन्ही विकून मी दोन मुलांची शिक्षणं काढली. पण त्या दिवशी हात पुढं होईना.

"वहिनी, खरं सांगू? शांपूनं टाळू धुतली जाते. मुळाला धरून ठेवणं त्याच्या बापाच्यानं होत नाही."

"मग काहीच नाही?"

"हा घ्या. लहान पोरांचा आहे, सौम्य. कोमट पाण्यात आधी कालवायचा, मग डोक्यावर. नखं लावायची नाहीत, खसखसून पुसायचं नाही, ओल्या केसात फणी घालायची नाही. वेणी सैल. डाळी खा, अंडी चालत असतील तर अंडी खा. काळजीनं गळलेले केस परत येतात, असं डॉक्टर म्हणतात."

"परत आलेले काय कामाचे, भावजी?" त्या म्हणाल्या. "मला बोललेले केस पाहिजेत."

आणि बाटली पदराआड धरून गेल्या.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला दिगंबर आला. गळ्याला मफलर, एक हात पोटावर, चाल अजून जपूनच. एकेकाळी गिरणीच्या खडखडाटावर मात करून आळीच्या टोकापर्यंत हाक मारणारा माणूस, आता माझ्या स्टुलावर उसासा टाकून बसला.

"मुरल्या, एक शांपू दे. केस गळायचा थांबवणारा. सगळ्यात चांगला."

मी त्याच्या डोक्याकडं बघितलं. तिथं माझ्या दुकानातल्या दिव्याचं प्रतिबिंब पडलं होतं.

"कुणाला?"

"मला का देतोस? माझ्या डोक्याला फडकं पुरतं. हिच्यासाठी. हिचे केस जायला लागलेत रे." तो खाली बघून म्हणाला, "सोलापूरला मला डोळे उघडता येत नव्हते. कूस बदलवताना हिची वेणी हातावर घासायची. तेवढंच कळायचं, की ही आहे म्हणजे मी आहे. ते केस राहिले पाहिजेत. काय लागंल ते दे."

त्याच्या अंगाला कांद्याचा भपकारा येत होता.

"पथ्य सोडलंस का? कांदा खाऊन आलास."

"तोंडाला चव नाही," तो घाईनं म्हणाला. "आणि हे बघ, तिनं तिरुपतीच्या गाडीत नावं घातलीत. मला हा असा रोजचा ताप. ह्या अंगानं मी कसा जाणार? तू समजाव की तिला. तुझं ऐकते."

"हवापालट होईल तुला."

"ताप उतरला तर ना," तो म्हणाला, माझ्याकडं न बघता, बाटलीवरच्या धबधब्यातल्या बाईकडं बघत.

माझ्या जिभेवर आलं होतं. पण गळ्याची शपथ होती. मी त्यालाही तीच लहान पोरांची बाटली दिली. म्हणजे त्या घरात आता नवऱ्याची एक आणि बायकोची एक अशा दोन सारख्या बाटल्या झाल्या. एकाला केस राहायला हवे होते म्हणून, आणि दुसरीला ते काढून द्यायला हवे होते म्हणून.

पुढचे दिवस वाईट गेले. वहिनी एक दिवसाआड दुपारच्या येत. कधी म्हणत, शांपूनं जरा थांबल्यासारखे वाटतात. दुसऱ्या खेपेला म्हणत, बाटलीच फेकून द्यावीशी वाटते. कुणी कांद्याचा रस सांगितला, कुणी जास्वंद, कुणी मेथ्या. मी सगळ्याला नको म्हणत होतो, आणि माझ्या तोंडून सारखं खरंच बाहेर पडत असल्यामुळं मला स्वतःलाच ताप आल्यासारखं झालं होतं.

मग एक दिवस त्या आल्या त्या डोक्याला फडकं गुंडाळून.

"ठरवलं," त्या म्हणाल्या. "आता पाणी नाही, शांपू नाही, फणी नाही. फडकंच सोडायचं नाही गाडीत बसेपर्यंत. डॉक्टरांना काही सापडत नाही, आणि काल थर्मामीटर लावला तर एकशेदोन. माझे जसे मूठभर गळतात तसा त्यांचा ताप चढतो. देव दाखवतोय मला. दिलेलं तू सांडतेस, मग मी तरी का सांभाळू, असं म्हणतोय."

"फडक्यात बांधून जटा होतील, वहिनी. मग त्या ओढून काढताना आणखी जातील."

"मग काय करू? तुम्हीच सांगा, काय करू!" त्यांनी फळीवर हात आपटला. बांगड्यांची पेटी हलली. ती बाई चार रात्री झोपलेली नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आता इथं माझ्यातला मूळचा माणूस जागा झाला.

"वहिनी, वैरागच्या माझ्या मावशीचं तुम्हाला सांगितलंच नाही का मी?"

"कुठली मावशी?"

"चुलतमावशी. तिचाही असाच नवस. आणि तिचे केस तर तिरुपतीच्या वाटेवरच गळाले. स्टेशनागणिक मूठ. पण बाई हुशार! एकही टाकला नाही. खणात बांधून नेले. तिथं गेल्यावर न्हावी म्हणतो, अम्मा, डोक्यावर तर काहीच नाही. मावशीनं खण सोडला. न्हाव्यानं वरच्या स्वामींना बोलावलं. स्वामी म्हणाले, देवाच्या काट्यावर ठेवा."

"काट्यावर?"

"मग! हिशेब वजनाचा असतो तिथं. डोक्यावर होते का खणात होते, देव विचारत नाही. उलट स्वामी काय म्हणाले, वस्तऱ्यानं काढलेला केस निम्मा आत राहतो. हा मुळासकट आलेला. हा पुरा केस!"

वहिनी टक लावून माझ्याकडं बघत होत्या. "शपथ?"

"मावशीची," मी म्हणालो. मला मावशी नसल्यामुळं तिला काही धोका नव्हता.

कितीतरी दिवसांनी त्या बाईच्या तोंडावर हसू आलं. त्या दिवसापासून त्या पुन्हा केस धुवायला लागल्या, हलक्या हातानं, मी सांगितलं तसं. विंचरून झालं की फणीतली आणि मोरीतली गुंतवळ उचलायची, सुकवायची, गुंडाळी करायची आणि हिरव्या खणात बांधून देवांच्या मागं ठेवायची. झोप लागायला लागली. गळणंही जरा कमी झालं असावं, कारण बोलताना हात सारखा डोक्याकडं जाईनासा झाला. फक्त दिगंबरचा ताप तेवढा वेळेवर यायचा, गिरणीच्या भोंग्यासारखा.

गाडी सुटायच्या आदल्या दिवशी मी दुपारी डबा उघडून पहिला घास घेतला, तोच वहिनी दारात. पायात चप्पल नाही.

"गेली!"

"कोण गेली?"

"गुंतवळ! मी देवळात ओटी भरायला गेले होते. केसवाली आली होती दारावर. ह्यांनी सगळी तिला देऊन टाकली. आणि वर मला म्हणतात, घरात केस साठवू नयेत, भांडणं होतात. हे बघ, वाटी घेतली तुला, स्टीलची!"

त्या काळी गल्लोगल्ली केसवाल्या फिरायच्या. बायकांची गुंतवळ घ्यायच्या, बदल्यात पिना, फुगे, फार झालं तर एखादं भांडं द्यायच्या. त्या केसांची वेणीत घालायची गंगावनं व्हायची. वाटी दिली म्हणजे गुंतवळ चांगलीच मोठी असणार.

"कुठं गेली ती?"

"शेजारीण म्हणाली, स्टँडकडं. तिची गाडी असते."

मी डबा तसाच टाकला, दुकानाला नुसती कडी घातली आणि लुना काढली. वहिनी मागं बसल्या. गिरणीवाल्याची बायको माझ्या लुनावर, उघड्या पायांनी, तोंडानं "गोविंदा, गोविंदा" म्हणत. अख्खी पेठ दुकानांच्या पायऱ्यांवर आली. कुणीतरी ओरडलं, "मुरलीशेट, कुठं पळवली?" उत्तर द्यायला वेळ नव्हता, हे माझ्या आयुष्यात त्या एकाच दिवशी घडलं.

केसवाली फलाटाच्या कडेला बसली होती. पाटी, पाटीत फुगे आणि वाट्या, शेजारी दाबून भरलेलं पोतं. वहिनी धावतच तिच्यापुढं बसल्या.

"बाई, मघाशी गिरणीच्या मागच्या घरातनं गुंतवळ घेतली ती माझी. परत दे."

"वाटी आण," केसवाली म्हणाली.

"वाटी घरी राहिली."

"मग क्यासबी माझ्या घरी."

"अगं, दुसरी वाटी घेऊन देतो तुला," मी मधे पडलो. "ह्याहून मोठी."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पोत्याचं तोंड सोडलं. "घ्या. वळखा तुमचे."

आत सगळी बार्शी होती. काळे केस, पांढरे, मेंदीनं तांबडे झालेले, कुरळे, सरळ. वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोललेल्या जावा तिथं गळ्यात गळे घालून पडल्या होत्या. वहिनींनी कोपरापर्यंत हात घातला. एक गुंडाळी काढली, नाकाशी नेली, टाकली. दुसरी काढली. तिसरी.

"हिरव्या खणात होती गं. खण कुठाय?"

"खण तुझ्या दाल्ल्यानं ठेवून घेतला. सुटीच दिली मला."

वहिनींचे हात थांबले. त्यांनी पाटीकडं बघितलं. वाट्यांमधे केसवालीची कात्री पडली होती, लांब पात्यांची. ती त्यांनी उचलली, दुसऱ्या हातानं वेणी पुढं घेतली, आणि मानेपाशी पातं उघडलं.

"वहिनी!"

"आणखी एक रात्र मी हे केस त्या घरात ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "आत्ताच कापते, पदरात बांधते, गाडीत बसेपर्यंत सोडत नाही. वजनच करायचंय ना? काट्यावर ठेवीन."

"वहिनी, काटा नाही! काटाबिटा काही नाही तिथं. मावशीही नाही मला. थाप होती ती!"

"आता ह्या घडीला खोटं बोलू नका, भावजी."

"खोटं नाही, देवाशप्पथ खरं सांगतोय!"

"तुम्ही?" त्या म्हणाल्या, आणि पात्यात वेणी आली.

"शालन!"

गिरणीचा आवाज होता तो, आजारापूर्वीचा. परांड्याच्या गाडीचा कंडक्टर शिट्टी तोंडात धरून थांबला. दिगंबर रिक्षातून उतरत होता, एका हातानं पोट धरून. पेठेनं त्याला काय काय सांगितलं असेल ते असो, पण त्याचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तो कात्रीकडं बघत होता.

"ठेव ती खाली."

"घरी जा तुम्ही," वहिनी त्याच्याकडं न बघता म्हणाल्या. "अंगात ताप आहे. वाऱ्यात उभं राहू नका."

"ताप नाही मला."

"आहे. रोज बघतेय मी."

"नाही गं! नाहीय ताप!" त्यानं दोन पावलं टाकली, सदऱ्याची कड वर ओढली आणि हात उचलला. काखेतून एक कांदा खाली पडला. सोललेला, चेपलेला. फलाटाच्या उतारावरून गडगडत तो केसवालीच्या पाटीशी जाऊन थांबला. "हा आहे माझा ताप. शाळेत असताना धरायचो तसा धरला. त्यानं भागेना, तेव्हा थर्मामीटर चहात बुडवला."

वहिनींच्या हातातली कात्री तशीच उघडी होती.

"का?" त्यांनी विचारलं.

दिगंबर फलाटाच्या कडेवर बसला, बायकोपासून हातभर लांब. दम लागला होता.

"सोलापूरला सगळे म्हणायचे, ह्याला शुद्ध नाही. डोळे उघडत नव्हते, एवढंच. कान होते मला. तू पायाशी बसून बोललीस ते सगळं ऐकलंय मी." त्यानं मफलरनं तोंड पुसलं. "जाणंच होऊ नये म्हणून केलं. ताप असला तर तू मला सोडून जाणार नाहीस. गाडी चुकेल, वर्ष जाईल. मग तू ते खणात साठवायला लागलीस. म्हटलं, हे नेण्यासाठीच चाललंय. दिलं काढून."

"मला सांगायचंत."

"काय सांगू? आत्याला मी बघितलंय गं. सकाळी वेणी होती, दुपारी नव्हती. दारामागं बसली होती. तुझं डोकं तसं कधी व्हायचं झालं तर मी मेल्यावर व्हावं. म्हणजे ते मला दिसणार नाही."

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी लुनाच्या आड सरकलो.

"तुमचा ताप बघून माझे केस गेले," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच भ्यावं असा होता. "रोज तिन्हीसांजेला कपाळाला हात लावायचे आणि रात्रभर जागायचे. मूठ मूठ गेले. आणि तुम्ही केस वाचवायला ताप आणत होता?"

दिगंबरनं मान खाली घातली.

"चहात बुडवत होता?"

"बिनसाखरेच्या," तो पुटपुटला.

केसवाली इतका वेळ तोंड उघडं टाकून ऐकत होती. ती म्हणाली, "माझी कात्री द्या बाई. तुमचं निस्तरंस्तवर माझी गाडी जाईल."

वहिनींनी कात्री तिच्या पाटीत ठेवली. वेणी मागं टाकली, पदर डोक्यावर घेतला. मग नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, चांगला वेळ, दोन्ही बाजूंनी. कपाळ गार असावं. त्यांनी डोळे मिटले, आणि कितीतरी आठवड्यांचा धरून ठेवलेला श्वास सुटावा तसे त्यांचे खांदे खाली आले.

"उद्या सकाळी गाडीत बसायचं," त्या म्हणाल्या. "दोघांनी."

दिगंबरनं हळूच वर बघितलं. "मला कळलाय ना आता नवस. बाटला की तो."

"आत्ता कुठं कळला? मी बोलत होते तेव्हाच ऐकलात ना? देवाला सांगितला तोच तुमच्यादेखत. बाटायचा असता तर तुम्ही त्या खाटेवरनं उठला नसता."

दिगंबर उठला आणि पोट धरून रिक्षाकडं चालायला लागला.

त्यांच्याबरोबर मलाही जावं लागलं. दिगंबरला ओझं उचलायची बंदी होती, म्हणून पिशव्या माझ्याकडं आल्या. यात्रेच्या त्या गाडीत माझ्या थापा ऐकायला चांगली मंडळी होती, पण मला काही सुचलं नाही. एकदा सगळे झोपल्यावर वहिनी मागं वळून म्हणाल्या, "भावजी, ते काट्याचं मला तेव्हाच खोटं वाटलं होतं."

"मग मानलंत कशाला?"

"झोप लागायची," त्या म्हणाल्या.

तिरुपतीला वर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. केस काढतात तिथं माणसांच्या रांगा, ओल्या फरश्या, चहूकडून गोविंदाचा गजर. म्हातारे, पोरं, नव्या नवऱ्या, सगळे डोकं भिजवून पाळीची वाट बघत होते. वहिनींनी नळाखाली केस भिजवले. ओल्या केसांत भांग आणखी रुंद दिसला. त्या वस्तऱ्यापुढं मांडी घालून बसल्या आणि हात जोडले.

दिगंबर खांबाकडं तोंड करून उभा राहिला. कपाळ दगडाला टेकलं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

वस्तरा फिरायला लागला. गुडघ्यापर्यंत पोचणारी ती वेणी, राहिली होती तेवढी, आवाज न करता फरशीवर उतरली. फार वेळ लागला नाही. न्हाव्यानं ओंजळभर पाणी डोक्यावरून फिरवलं आणि पुढच्याला हाक मारली.

वहिनी उठल्या नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या. "इकडं बघा."

दिगंबर हलला नाही.

"बघा म्हणते ना."

तो फिरला. फार हळू, आधी पाय, मग खांदे, सगळ्यात शेवटी डोळे. वहिनींच्या डोक्यावरून पाणी निथळत होतं. कपाळावरचं कुंकू त्या पाण्यानं नाकापर्यंत ओघळलं होतं. गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या.

"दिसतंय?"

त्यानं मान हलवली.

"कुणाला दिसतंय?"

"मला," तो म्हणाला.

"मग झालं तर," म्हणत वहिनी उठल्या, आणि पदर खांद्यावरच ठेवून, उघड्या डोक्यानं, आमच्या पुढं देवळाकडं चालायला लागल्या.